कुठला बिरू?

माझ्या पाठीमागं कुणी उभं राहिलं की मला टाइप करता येत नाही, बोटं अडखळतात. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, तरी त्या थंडीत रोज कुणी ना कुणी पाठीशी उभं असायचंच. कधी सासूबाई चहा घेऊन, कधी आमचे हे काहीच न घेऊन. सासूबाईंना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. तरी पडद्याकडं अशा बघायच्या, जणू मी तिथं त्यांचे दागिने मोजत बसलेय.

आधी माणसं सांगते. बारामती एमआयडीसीत आमची घोंगड्यांची शेड आहे, ‘कऱ्हाई’ नावाची. सासरे बिरू, त्यांना सगळे आबा म्हणतात. सासूबाई साखरबाई, नवरा नागेश. लिहिताना नावं घेतेय, कारण लिहायला कुणाची बंदी नाही. तोंडानं मी सासऱ्यांचं नाव आजवर घेतलेलं नाही आणि नवऱ्याचं घेतलं ते फक्त उखाण्यात. आबांच्या आज्यानं मेंढरं राखली, बापानं राखली. आबांनी मेंढरं विकली आणि माग घातले. आपलं काळं घोंगडं हॉलंडात जमिनीवर अंथरतात हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्यांना जेवण गेलं नव्हतं. "देवापुढं घालायची वस्तू, तिच्यावर पाय देत्यात?" मग स्वतःच म्हणाले, "दिऊ द्या. थंडीचा मुलूख हाय, त्येंच्या पायाला तरी ऊब मिळंल."

हॉलंडातल्या रॉटरडॅमची एक बाई आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, आणि तिच्याशी ईमेलनं बोलायचं काम माझं. मी सुकन्या, बावड्याची, इंदापूर तालुक्यातली. बी.कॉम. झाले आणि वर पुण्यात मामाकडं राहून कंप्युटरचा कोर्स केला. मला बघायला आले तेव्हा आबांनी स्वयंपाक येतो का विचारलं नाही. म्हणाले, "पोरगी हापिसात बसंल का? तेवढं बोला." त्या एका वाक्यावर मी हे स्थळ पसंत केलं. नवरा नंतर बघितला. ती ऑफिसातली खुर्ची म्हणजे माझं या घरातलं खरं माप होतं. तिथं मी कुणाची सून नव्हते, तिथं मला काम येत होतं.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत ऑफिसात नवं मशीन आलं. नागेशचा मावसभाऊ विशाल पुण्यात कंप्युटरच्या धंद्यात आहे, त्यानं येऊन बसवलं. लिनक्स नावाची सिस्टीम, फुकट मिळते आणि अडत नाही, असं त्याचं म्हणणं. मी तेव्हा भाऊबिजेला बावड्याला गेले होते. परत आले तर मशीन चालू होतं, पुण्याची, मुंबईची पत्रं जात होती, येत होती. फक्त रॉटरडॅमची बाई गप्प झाली.

मी एक पत्र लिहिलं, दुसरं लिहिलं. रंगांचे नमुने पाठवले, मापं पाठवली. उत्तर नाही. तिकडं आजारी असेल, सुटीवर असेल, नाताळ असेल, असं मी घरात सांगत राहिले. मग नागेशनं बूथवरून परदेशात फोन लावला. संध्याकाळी जेवताना त्यानं सांगितलं, "दिवाळीपासनं आपलं एक बी पत्र पोचलं न्हाय म्हणत्यात. ती बाईच आपल्या पत्राची वाट बघतीय."

भाकरी मोडता मोडता सासूबाईंचा हात थांबला. "मग ही दिवसभर काय बडवत बसती?"

त्या क्षणी मला कळलं की सगळ्यांच्या डोक्यात माझ्या भावाचं नाव आलंय.

माझा भाऊ रविराज. त्यानं त्याच दिवाळीत बावड्याला चार माग टाकले होते. लोकर आमच्याच मुलखातली, विणकर आमच्याच ओळखीचे. भाऊबिजेला ओवाळलं तेव्हा त्यानं मला नवं घोंगडं दाखवलं होतं आणि त्याच महिन्यात त्याला मुंबईच्या व्यापाऱ्यानं परदेशी मालाचं काम दिलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पण हे मला पटून काय उपयोग? घरादाराचा हिशोब सरळ होता: सुकन्या माहेरी गेली, भावाचा धंदा लागला, आणि आमची बाई मुकी झाली. म्हणजे पत्रं ही इथं लिहितच नाही, लिहिल्याचं सोंग करते आणि गिऱ्हाईक तिकडं वळवते. कुंपणच शेत खातंय.

ऑर्डर हातची गेली नाही. नागेशनं फॅक्स करून मापं कळवली आणि बाईनं माल मागवला. पण तेच माझ्या मुळावर आलं. फॅक्स पोचतो आणि सुकन्याचंच पत्र तेवढं पोचत नाही, हे सगळ्यांना लख्ख दिसलं.

त्यानंतर घरात मी आले की बोलणं थांबायचं. आबा पेपर उघडायचे. जळोचीच्या आमच्या घरात फोन आतल्या खोलीत होता, तो बाहेर सोप्यात आला. "आवाज चांगला येतो हितं," सासूबाई म्हणाल्या. तारेच्या फोनला आत काय नि बाहेर काय! मी हसले नाही. एका दुपारी पाणी भरून आत आले तर त्या माझ्या छकुलीला मांडीवर घेऊन विचारत होत्या, "आई मामाला फोन करती का गं? काय बोलती?" पोर चार वर्षांची. ती म्हणाली, "आई म्हणती मामा, बरा हायेस का." सासूबाईंनी मान डोलवली, जणू त्यातही काही खूण होती. त्या दिवशी मला इतका राग आला की मी घागर तशीच ओट्यावर आपटली. आवाज ऐकून सासूबाई म्हणाल्या, "खाई त्याला खवखवे." मी तोंड उघडलं असतं तर घर पेटलं असतं. म्हणून बाहेर जाऊन वाळलेले कपडे पुन्हा पिळले.

आणि नागेश? तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता गप्प. रात्री मी विचारलं, "तुमाला काय वाटतं, मी पत्रं पाठवत न्हाय?" तो म्हणाला, "मी कुठं काय म्हणतोय?" तेच तर दुखणं होतं. तो काहीच म्हणत नव्हता.

संक्रांतीला सासूबाईंनी मला तिळगूळ दिला आणि म्हणाल्या, "गोड न्हाय बोललीस तरी चालंल, खरं बोल." शेजारच्या बायका होत्या. त्या हसल्या, चेष्टा समजून. मी वाकून पाया पडले. संध्याकाळी आबांनी मला बोलावलं. आबा वाईट माणूस नाही, हे मी तेव्हाही म्हणत होते. त्यांनी चोर हा शब्द वापरला नाही.

"सुकन्या, चार दिवस बावड्याला जाऊन ये. भावाकडं ऱ्हा. कंप्युटर नागेश बघंल."

"चार दिवस म्हंजे किती, आबा?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. सुनेला चार दिवस माहेरी पाठवतात तेव्हा ते चार दिवस कसे मोजतात, हे आमच्याकडं लहान पोराला पण ठाऊक असतं. मी नागेशकडं बघितलं. तो आपल्या चपलेचा अंगठा नीट करत होता.

"जाते," मी म्हणाले. "पण मशीनमधी काय बिघाड हाय का ते बघून जाते. न्हायतर मी गेल्यावर बी पत्र पोचणार न्हाय, आन तवा कुणाचं नाव घ्याल?"

आबांनी माझ्याकडं वळून बघितलं. "बघ," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेडकडं जाताना मी वाटेवरच्या बूथवरून पुण्याला अनिताला फोन केला. ती माझ्याबरोबर कोर्सला होती, आता तिथंच शिकवते. विशालला करता आला असता, पण तो त्यांच्यातला. माझ्यावर आळ असताना मला माझं माणूस हवं होतं. अनिता म्हणाली, "तुझं मशीन पत्र घेऊन समोरच्या मशीनच्या दारात जातं, तेव्हा त्यांचं आपसात बोलणं होतं. ते बोलणं पडद्यावर दाखवायची सोय असते. ते वाच. पत्र दारात अडत असेल तर का अडतं, ते दारवाला सांगेलच." आज्ञा कशी द्यायची ते तिनं सांगितलं, मी तळहातावर लिहून घेतलं. मी शेडवर पोचायच्या आत सासूबाईंना खबर गेली होती. "बूथवर कुणाला केलास फोन?" मी तळहात पुढं केला. त्यांनी तो उलटा करून मागची बाजूसुद्धा बघितली.

दुपारी विणकर भाकरी खायला बसले, माग थांबले, आणि ऑफिसात मी एकटी उरले. दोन ओळींचं पत्र लिहिलं: बाई, हे पत्र मिळालं तर कळवा. फोनच्या तारेवर मशीननं नेहमीसारखी किंचाळी मारली, लाइन लागली, आणि मी पाठवायची आज्ञा दिली. पडद्यावर इंग्रजीत ओळी उमटायला लागल्या. मी त्या मराठीत सांगते.

तिकडचं मशीन म्हणालं, नमस्कार, मी अमुक कंपनीचं मशीन. आमचं म्हणालं, नमस्कार, मी बिरू.

मी खुर्चीत सरळ झाले.

आमचं म्हणालं, बिरूकडच्या ऑफिसातून पत्र आणलंय. तिकडचं म्हणालं, असं चालत नाही, पूर्ण नाव सांग. आणि दार लावून घेतलं.

एवढंच होतं. अडीच महिने एवढंच चाललं होतं. आमच्या घरात ट्रॅक्टरच्या बोनेटवर ‘बिरू’, विहिरीच्या मोटारीवर ‘बिरू’, पाण्याच्या टाकीवर ‘बिरू’. घरात नवी वस्तू आली की तिला कर्त्या माणसाचं नाव द्यायचं, ही यांची रीत. विशालनं मशीनला नाव काय ठेवू विचारलं असणार, आणि नागेशनं दुसरं काय सांगितलं असणार? बिरू. नारळ फोडला असेल, हळद-कुंकू लावलं असेल. पुण्यामुंबईची मशीनं आपल्यासारखीच, कोण आलं न बघता आत घेणारी. हॉलंडचं दार तेवढं पक्कं. नकाराच्या चिठ्ठ्या परत येत होत्या, पण त्या मशीनच्या स्वतःच्या पेटीत पडत होत्या, आणि मी उघडत होते ती पुण्याच्या इंटरनेट सर्व्हिसवाल्यांची पेटी. डोळ्यात पाणी आलं. हसूही आलं. मी उठून सगळ्यांना हाक मारणार, तेवढ्यात खालची ओळ दिसली.

पत्राला दोन पत्ते होते. एक मी लिहिलेला, रॉटरडॅमचा. दुसरा मी न लिहिलेला. तिथं लिहिलं होतं: नागेश, पोचलं.

मी ती ओळ पुन्हा वाचली. मग मागची दोन पत्रं पुन्हा पाठवून बघितली. दोन्ही वेळा हॉलंडच्या दारात अडलं, आणि दोन्ही वेळा खाली तेच: नागेश, पोचलं. मशीन बसवतानाच किंवा नंतर कधीतरी, माझ्या प्रत्येक पत्राची एक नक्कल गुपचूप नवऱ्याच्या पेटीत पडेल अशी व्यवस्था करून ठेवली होती. मला दिसणार नाही अशी.

पाळत ठेवली याचा संताप आला, नाही असं नाही. पण तो मागून आला. आधी आलं ते वेगळंच. नक्कल त्याच्याकडं जात होती. म्हणजे दिवाळीनंतरचं माझं प्रत्येक पत्र त्यानं वाचलं होतं. म्हणजे मी पत्रं पाठवते, खरी पाठवते, एक शब्द भावाच्या फायद्याचा लिहीत नाही, हे साऱ्या घरात एका माणसाला पक्कं ठाऊक होतं. आणि तो माणूस जेवताना ताटाकडं बघत होता, आबांसमोर चपलेचा अंगठा नीट करत होता.

मी बाहेर जाऊन म्हणाले, "आबा, आत या. सासूबाई, तुमी बी या. ह्यांना बी बोलवा."

तिघं येऊन माझ्या पाठीशी उभे राहिले. त्या दिवशी बोटं अडखळली नाहीत. मी पत्र पुन्हा पाठवलं आणि ओळी उमटल्या. आबांना वाचता येतं, पण मराठी. सासूबाईंना तेही नाही. इंग्रजी वाचणारे आम्ही दोघंच. नागेश एक पाऊल मागं सरल्याचं मला ऐकू आलं. त्याला शेवटची ओळ दिसली होती.

"काय म्हणतंय?" आबांनी विचारलं.

आता आली पंचाईत. सांगायचं म्हणजे नाव घ्यायचं. "आपलं मशीन त्येंच्या दारात जाऊन सोताचं नाव सांगतंय," मी म्हणाले. "पर नुसतंच नाव सांगतंय. गाव न्हाय, घर न्हाय. त्ये लोक म्हणत्यात, पुरं नाव सांग, तवाच पत्र घिऊ."

"नाव काय सांगतंय?"

मी पदर नीट केला. "तुमचं."

"माझं? हॉलंडात?"

"व्हय आबा. विशालनं मशीनला तुमचं नाव दिलंय."

सासूबाईंनी तोंडावर हात धरला. आबा मात्र पडद्याजवळ वाकले, जणू त्यात कुणी ओळखीचं दिसतंय का बघावं. मग त्यांनी जे सांगितलं ते अनितालाही इतकं सोपं सांगता आलं नसतं. "बराबर हाय त्येंचं. उद्या कुणी अनोळखी दारात आला आन म्हणला, मी बिरू, तर मी बी इचारीन, कुठला बिरू? कुणाचा? बक्कळ बिरू असत्यात. माझ्या बापानं शिकवलं व्हतं, मेंढरं घिऊन परमुलखात गेलं की आधी गाव सांगायचं, मग बापाचं नाव, मग आपलं. न्हायतर रानात बसू देत न्हाईत." ते नागेशकडं वळले. "बराबर सांगतीय का ही?"

"व्हय," नागेश म्हणाला.

"मंजे पत्रं ही पाठवत व्हती."

"व्हय."

मशीनचा मुख्य पासवर्ड नागेशकडं होता. तो मी सगळ्यांसमोर मागितला आणि त्यानं मुकाट्यानं सांगितला. आबांचं नाव पुसलं नाही, पुढं गाव-घर जोडलं: बिरू डॉट कऱ्हाई डॉट कॉम. पुण्याच्या सर्व्हिसवाल्यांना तिथूनच फोन करून त्यांच्या नोंदीतही ते घालायला लावलं, म्हणजे हॉलंडवाल्यांनी चौकशी केली तर ओळख पटेल. ते म्हणाले, उद्यापर्यंत होईल. हे सगळं मी करत असताना सासूबाई दोनदा आत-बाहेर झाल्या आणि शेवटी माझ्यापुढं चहा ठेवून गेल्या. काही बोलल्या नाहीत. त्यांचं बोलणं मला त्यापेक्षा बरं वाटलं असतं, पण चहा मी प्यायले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे जमले. पत्र पाठवलं. तिकडचं मशीन म्हणालं, नमस्कार बिरू, आणि पत्र आत घेतलं. आबांनी हात जोडले, मशीनला की हॉलंडला कुणास ठाऊक. "सुकन्या, तू हितनं हलायचं न्हाय," ते म्हणाले. "माझी चूक झाली." एवढ्या मोठ्या माणसानं सुनेला असं म्हणावं, मला रडू फुटलं. त्याखाली पडद्यावर ती ओळ होतीच: नागेश, पोचलं.

मी डोळे पुसले आणि खुर्चीतून उठले. "आबा, अजून एक काम ऱ्हायलंय. त्ये ह्येंनी करायचं हाय." मी नागेशला खुर्ची दिली. "ही खालची ओळ काढून टाका. आन काढताना आबांना सांगा, काय काढताय."

नागेश खुर्चीत बसला. त्याची बोटं अडखळत होती. आबा म्हणाले, "काय रं?" तो पडद्याकडं बघूनच बोलला. तिच्या प्रत्येक पत्राची नक्कल मला येत होती. दिवाळीनंतर रविराजचं कळलं तेव्हा विशालला फोन करून तशी सोय करून घेतली. सगळी वाचली. तिच्यात काही सापडलं नाही.

"मंजे तुला ठावं व्हतं?" आबांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी तिला घराबाहेर काढत व्हतो, आन तुला ठावं व्हतं?"

"सांगितलं असतं तर नक्कल घेतोय ह्ये बी सांगावं लागलं असतं," नागेश म्हणाला. "लाज वाटली."

सासूबाई बसल्या जागेवरून त्याला बोलायला लागल्या, आणि बोलतच राहिल्या. मी ऐकलं नाही. आबा उठून मागांकडं निघून गेले.

रॉटरडॅमच्या बाईचं उत्तर रात्री आलं. तिला पत्र मिळालं होतं, ती खूश होती. नागेशनं ते पत्र मला वाचून दाखवलं, जणू आमच्यात काहीच झालं नाही. मग म्हणाला, "आता तरी बोल माझ्याशी."

"बोलते," मी म्हणाले. "तुमच्याकडं माझ्या अडीच महिन्यांच्या पत्रांच्या नकला हाईत. एक बी खोटी निघाली न्हाय. आता मला तुमची एक नक्कल द्या. कायबी चालंल. जेवताना, आबांपुढं, तुमच्या आईपुढं, कुठंबी, तुमी माझ्या बाजूनं बोललेलं एक वाक्य. एकच द्या."

तो बराच वेळ आठवत बसला. त्याला एकही सापडलं नाही.